तुळईतील गुणगुण

कोकणातील एखादे जुने कौलारू घर डोळ्यांपुढे आणा. पुढे ओटी, आत काळोखे माजघर, मागे भाजीचे परसू. ओटीवर जाड लाकडी खांब आणि त्यांवर आडवी टाकलेली तुळई. उन्हाळ्यातील दुपारची सामसूम आहे, आणि अशा वेळी कोठून तरी 'घूंऽऽ' असा आवाज येऊ लागतो. क्षणभर थांबतो, पुन्हा सुरू होतो. दिसत मात्र काहीच नाही.

घरातील धाकटा मुलगा ओटीवर एकटा बसेनासा होतो. "घराला कसली तरी बाधा झाली असावी," असे शेजारी कुजबुजतात. थोरल्या बहिणीला मात्र ते पटत नाही. ती म्हणते, "आवाज येतो, त्या अर्थी कोणती तरी वस्तू थरथरत असली पाहिजे. ती कोणती, हे आपण शोधून काढू."

प्रथम ती वेळेची नोंद ठेवते. तीन दिवसांत असे दिसते, की ऊन चढले म्हणजे आवाज सुरू होतो आणि दिवेलागणीला थांबतो. तेव्हा रातकिडे व डास यांच्यावरचा संशय फिटतो. मग विजेची पाळी येते. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. त्यामुळे विजेची काही उपकरणे एकसारखी गुणगुणत राहतात. म्हणून बाबा घरातील मुख्य बटण बंद करतात. तरीही आवाज चालूच!

आता प्रश्न उरतो तो जागेचा. माजघरात आवाज क्षीण आहे, ओटीवर मोठा आहे. ताई खांबाला कान लावते आणि चकित होते. आवाज अगदी कानाशी आल्यासारखा वाटतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. लाकडातून, त्याच्या रेषांच्या दिशेने, तो सुमारे दहापट वेगाने जातो आणि वाटेत फारसा विखुरतही नाही. घन पदार्थातून आवाज चांगला ऐकू येतो, हे माहीत असलेल्या लाएनेक नावाच्या फ्रेंच वैद्याने १८१६ साली कागदाची गुंडाळी करून रोग्याच्या हृदयाचे ठोके ऐकले. डॉक्टरांच्या गळ्यातील स्टेथॉस्कोपचा जन्म त्यातूनच झाला.

खांबावरून नजर वर तुळईकडे जाते, मग खाली जमिनीकडे. तेथे पिवळसर भुश्याची लहानशी रास आहे. आजी म्हणते, "अगं, वाळवीचा भुसा समजून मी तो रोज झाडून टाकते!" त्या राशीच्या बरोबर वर तुळईला बोटाएवढे वाटोळे छिद्र आहे. सर्वजण श्वास रोखून पाहत असतात, तोच छिद्रातून काळाभोर, निळसर पंखांचा भुंगा बाहेर पडतो आणि घोंघावत परसात निघून जातो.

कोरडे लाकूड पोखरणारा हा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, असा दृष्टान्त ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात आला आहे. पोखरण्याचे काम मादी करते. अंग थरथरवीत ती जबड्यांनी लाकूड खरवडते; तोच हा आवाज. ती लाकूड खात नाही. बोगद्यात पराग व मध यांचा गोळा ठेवून ती त्यावर अंडे घालते आणि भुश्याची भिंत घालून ती खोली बंद करते. अशा खोल्या ती एकापुढे एक करीत जाते. तिला नांगी असते, पण छेडल्यावाचून ती सहसा दंश करीत नाही.

बाबा रॉकेलचा बोळा घेऊन येतात. तुळई पोखरली जाते, ही त्यांची काळजी खोटी नाही. पण ताई त्यांना परसातील वांग्यांच्या वाफ्याकडे नेते. वांग्याच्या फुलात पराग पिवळ्या नळ्यांमध्ये कोंडलेला असतो, आणि नळीच्या टोकाला बारीकशी छिद्रे असतात. भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवतो, तेव्हा पराग त्या छिद्रांतून झरझर बाहेर पडतो. मधमाशीला ही युक्ती साधत नाही. ज्या गुणगुणीने घर भ्याले होते, तीच त्यांच्या वांग्यांना फळ धरवीत होती!

बाबा बोळा टाकून देतात. पिल्ले उडून गेल्यावर छिद्र बुजवावे आणि तुळईला रंग द्यावा, असे ठरते. कारण रंगविलेले लाकूड भुंगे बहुधा टाळतात. परसात वाळलेल्या बांबूचे तुकडे टांगले जातात, म्हणजे भुंग्यांना घर करण्यास दुसरी जागा मिळेल. धाकटा मुलगा आता दुपारी ओटीवर एकटाच बसतो, आणि आवाज थांबला, की मान वर करून भुंग्याची वाट पाहतो.

शब्दार्थ
तुळई – छपराचा भार पेलणारे आडवे लाकूड
परसू – घरामागील बाग
क्षीण – अगदी बारीक
दृष्टान्त – दाखला

स्वाध्याय
१. रातकिडे आणि वीज यांच्यावरचा संशय कसा फिटला?
२. ताईने खांबाला कान लावल्याचा काय उपयोग झाला?
३. बाबांनी बोळा का टाकून दिला? त्यांची काळजी कशी दूर झाली?
४. 'घोंघावणे' यासारखे आवाज दाखविणारे पाच शब्द लिहा.
५. लाकडी बाकाच्या एका टोकाला कान लावा व मित्राला दुसऱ्या टोकाला नखाने खरवडावयास सांगा. काय ऐकू येते, ते चार ओळींत लिहा.