‘प्युराइल’, ‘कॅलो’ आणि पोरकट : अपक्वतेच्या शब्दांचे भाषांतर

तरुणांविषयीच्या इंग्रजी विशेषणांना मराठी प्रतिशब्द देताना आपले द्विभाषिक कोश फार लवकर थकतात. ‘जुव्हेनाइल’, ‘प्युराइल’, ‘इम्मॅच्युअर’, ‘कॅलो’ ह्या सर्वांपुढे थोड्याफार फरकाने ‘बालिश’ आणि ‘अपरिपक्व’ हे दोनच शब्द उभे केलेले आढळतात. वस्तुतः हे शब्द केवळ वय सांगत नाहीत. ते वयाच्या निमित्ताने निवाडा देतात. निवाड्याची मात्रा चुकली, तर भाषांतरकाराने मूळ लेखकाच्या तोंडी भलतेच मत घातले असे होते.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास भिलाई हे सोयीचे ठिकाण आहे. सोव्हिएत रशियाशी १९५५ साली झालेल्या करारातून येथला पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कारखान्याबरोबर देशभरातून माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. (दुर्ग जिल्ह्याचा मराठीशी संबंध अर्थात त्याहून जुना. १९५६ पर्यंत ह्या प्रदेशाची राजधानी नागपूर होती.) अशा घरातील सोळा वर्षांचा मुलगा वैदर्भी आजीच्या लेखी ‘पोट्टा’, छत्तीसगढी शेजारणीच्या लेखी ‘लइका’ किंवा ‘टूरा’, शाळेच्या हिंदीत ‘किशोर’ आणि इंग्रजी अर्जात ‘मायनर’ असतो. ‘पोट्टा’ हा शब्द पुण्यात उच्चारला तर त्यात हेटाळणी ऐकू येते. नागपुरात तीच जवळीक असते. एकाच भाषेत ही स्थिती, तर दोन भाषांमध्ये काय होत असेल!

इंग्रजी शब्दांची घडण पाहू. ‘प्युराइल’च्या मुळाशी लॅटिनमधील मुलगा आहे. ‘कॅलो’ हा जुन्या इंग्रजीतील टकलेपणाच्या शब्दापासून आला. पुढे तो पंख न फुटलेल्या पिलाला आणि मग जग न पाहिलेल्या तरुणाला लागू झाला. त्यात तिरस्कार कमी, कीव अधिक. ‘अ‍ॅडोलसंट’ आणि ‘अ‍ॅडल्ट’ ही तर एकाच लॅटिन क्रियापदाची दोन रूपे : पहिले वाढत असलेला, दुसरे वाढून झालेला.

मराठीने ही कल्पना निराळ्या अंगाने, म्हणजे स्वयंपाकघराच्या आणि झाडावरील फळाच्या अंगाने घेतली आहे. ‘अपरिपक्व’ मधील ‘पच्’ धातू शिजणे व पिकणे दोन्ही सांगतो. ‘पोक्त’ हा शब्द फारसीतून आला आणि तिकडेही त्याचा अर्थ शिजलेला, पिकलेला असाच. इंग्रजीतील ‘प्रिकोशस’ म्हणजे वेळेआधी शिजलेला. त्याचे लॅटिन मूळ आपल्या ‘पच्’चे सगोत्र आहे. म्हणून ‘कॅलो’ला ‘कच्चा’ म्हणणे अर्थाने जवळचे असले, तरी पिलाचे चित्र त्यात हरवते. मला ‘कोवळा’ हा शब्द अधिक न्यायाचा वाटतो. कच्चेपणाचा दोष देता येतो, कोवळेपणाचा देता येत नाही.

‘बालिश’ हा शब्द मात्र सावधपणे वापरावा. संस्कृतात ‘बाल’ म्हणजे केवळ लहान मूल नव्हे, तर अजाण माणूसही. ‘तर्कसंग्रह’ बालांसाठी रचला आहे. पण तेथील बाल म्हणजे व्याकरण, काव्य, कोश शिकलेला परंतु न्यायशास्त्र न शिकलेला विद्यार्थी, असे परंपरा सांगते. मराठीत हाच ‘बाळ’ ‘बाळबोध’ मध्ये शिरतो आणि गंमत अशी की ‘बाळबोध वळणाचे घर’ ही स्तुती ठरते, तर ‘बाळबोध मांडणी’ ही समीक्षकाची शिवी. लाँजायनसने उदात्ततेच्या विरोधी म्हणून जो दोष सांगितला, त्याला इंग्रजी अनुवादक ‘प्युराइल’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दात मात्र लहान मूल नाही, मिसरूड फुटणारा पोरगा आहे. आणि दोष आहे तो नटवेपणाच्या हव्यासाने थंड पडणाऱ्या पंडिती शैलीचा. तेथे ‘बालिश’ पूर्ण चुकतो. ‘पोरकट’ हाच शब्द हवा, कारण पोरकटपणा आपण मुलांत सहसा पाहत नाही. तो ज्यांनी आता मोठे व्हायला हवे होते त्यांच्यात पाहतो.

‘अ‍ॅडोलसन्स’साठी रूढ झालेला ‘पौगंडावस्था’ हा शब्दही असाच सरकलेला आहे. भागवताच्या टीकापरंपरेत पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड, पंधराव्यापर्यंत कैशोर आणि पुढे यौवन अशी विभागणी आहे. पाठ्यपुस्तक मंडळाने १९७१ साली सुरू केलेल्या मासिकाला ‘किशोर’ हे नाव दिले, ते ह्या हिशेबाने अधिक नेमके. उलट ‘गद्धेपंचविशी’ हा अस्सल मराठी शब्द इंग्रजीत नेताच येत नाही. इंग्रजी ‘टीनएजर’ एकोणिसाव्या वर्षी संपतो. मराठी समाज वेडेपणाची सवलत पंचविशीपर्यंत देतो, आणि ती देताना हसतो. ‘कोसला’चा (१९६३) निवेदक पंचवीस वर्षांचा आहे, हे ह्या संदर्भात ध्यानी घेण्याजोगे आहे. सालिंजरच्या सतरा वर्षांच्या होल्डनशी त्याची तुलना करताना समीक्षक दोघांनाही ‘किशोरवयीन बंडखोर’ म्हणू लागले, तर ते मराठी वयोगणना विसरले असे म्हणावे लागेल.

हा केवळ वाङ्‌मयीन वाद नाही. १९८६ च्या कायद्यात ‘जुव्हेनाइल’ म्हणजे सोळा वर्षांखालील मुलगा किंवा अठरा वर्षांखालील मुलगी. २००० पासून दोघांनाही अठराची मर्यादा आली. २०१५ च्या अधिनियमाच्या इंग्रजी नावात ‘जुव्हेनाइल’ आहे, हिंदीत ‘किशोर न्याय’, तर मराठीत ‘बाल न्याय’. म्हणजे सीमेच्या अलीकडे जो किशोर, तो पलीकडे बालक. ह्याच कायद्यानुसार सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर निर्घृण अपराधाचा आरोप असल्यास मंडळाला त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचे आणि परिणाम समजण्याच्या शक्तीचे प्राथमिक मूल्यमापन करावे लागते. मूल्यमापन करणारा घरच्यांना विचारतो, मुलगा कसा आहे? भिलाईतील मराठी आई सांगेल, ‘अल्लड आहे हो, पण वांड नाही.’ अल्लडपणात परिणामांचे भान नसते. वांडपणात ते असते आणि झुगारलेले असते. हिंदी अहवालात दोन्हींना ‘शरारती’ लिहिले गेले, तर मंडळापुढे ज्या प्रश्नाचे उत्तर यायला हवे होते, तेच पुसले जाते.