नवं व्हायोलिन घेऊ नकोस

धुळे

चि. छोटीस,


इतक्या वर्षांनी व्हायोलिन हातात घेतलंस हे वाचून मामी आणि मी दोघंही खूश झालो. ‘जुनं वाद्य बेसूर झालंय, हप्त्यावर नवं घेऊ का?’ असं विचारतेस. नको. वाद्याचं फारसं काही बिघडलेलं नसणार, तुझा कान तयार झालाय. मध्यमा पूर्णची परीक्षा दिलीस तेव्हा चढलेला निषाद तुला ऐकूही यायचा नाही. मग नोकरी-संसारात वाजवणं सुटलं, ऐकणं मात्र सुटलं नाही. जानेवारीत जळगावच्या बालगंधर्व महोत्सवाला तू नेमाने जातेस. कान पुढे गेला, डावा हात होता तिथेच राहिला. महागड्या वाद्याने हे अंतर मिटत नाही, हप्ता तेवढा मागे लागतो.

तीन हजार जमवलेस म्हणतेस, ते पुरतील. आधी वाद्य तपास. जळगावच्या मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, लाकूड सुकतं, कडेचे सांधे उकलतात. बोटाने कडेकडेने टिचक्या मारत जा; जिथे आवाज खुळखुळेल तिथे सांधा सुटलाय असं समज. तिथे फेविकॉल ओतू नकोस! व्हायोलिन सरसाने चिकटवतात ते पुढेमागे दुरुस्तीला उघडता यावं म्हणून. फेविकॉलचा सांधा उघडताना लाकडाचे ढलपे निघतात. खुंट्या घसरत असतील तर खडू लाव, अडकत असतील तर कोरडा साबण. तारा मात्र नव्या घे आणि एकेक करून बदल. चारही एकदम सोडल्यास की तारांखालची घोडी पडते, आतला टेकू म्हणजे साउंडपोस्टही निसटतो, आणि तो उभा करणारा हात गल्लोगल्ली मिळत नाही.

खरा खर्च गजावर कर. बंद पेटीत गजाचे केस किडे खातात, उरलेले गुळगुळीत होऊन तारेवरून नुसते घसरतात. अर्ध्याअधिक किरकिरीचं कारण तेच असतं. केस नवे भरून घे. राळ जुनीच चालेल. वरचा कडक थर बारीक पॉलिश पेपरने घासून टाक.

आता रियाज. रविवारी दोन तास वाजवून सोमवारी मान धरून बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बस. फोनवर तानपुरा लाव, पहिले काही आठवडे नुसते लांब गज ओढ. सा आणि प, बस्स. कंटाळा येईल, येऊ दे. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांची अडचण असेल तर कपड्यांचा लाकडी चिमटा घोडीवर लाव, आवाज निम्म्यावर येतो.

मग एखादं भावगीत घे, शब्द पूर्ण पाठ असलेलं. मनात शब्द म्हणत गज फिरव. कुठे श्वास घ्यायचा, कुठे गज बदलायचा हे शब्दच सांगतील. प्रभाकर जोगांच्या वादनात शब्द ऐकू यायचे, म्हणून तर लोक ‘गाणारं व्हायोलिन’ म्हणायचे. आणि पैशांचं म्हणशील, तर हेच जोग लहानपणी पुण्याच्या वाड्यांमधून सव्वा रुपया आणि नारळ एवढ्या बिदागीवर कार्यक्रम करत. तुझ्या तीन हजारांचं रडगाणं मला सांगू नकोस.

विशारदचा फॉर्म यंदा भरू नकोस. परीक्षेच्या धास्तीने राग पाठ होतात, हात सुटत नाही. त्या फीमध्ये चांगल्या गुरूकडे पंधरवड्यातून एकदा जा. दर आठवड्याचं परवडत नाही हे पहिल्याच दिवशी सांग, त्यात लाजायचं काही नाही. एकट्याने शिकताना गजाचा कोन कधी वाकडा होतो ते आपल्याला दिसत नाही, गुरूंना लगेच दिसतं.

दिवाळीत येशील तेव्हा वाद्य घेऊन ये. एसटीत वर किंवा डिकीत टाकू नकोस, पारोळ्यामार्गे येताना मांडीवर धरून बस. उतरवलेल्या जुन्या तारा फेकू नकोस, कागदात गुंडाळून पेटीत ठेव. एखादी नवी तुटली तर जुनी पुढचा पगार होईपर्यंत चालून जाईल.

तुझा,
मामा