बाळंतिणीची धाप : आईबापांनी काय ओळखावे, काय करावे

पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. बाळ सुखरूप होते, घरात आनंद असतो. दोन-तीन आठवड्यांनी लेक म्हणते, "आई, आडवी पडले की जीव कोंडतो गं." आई म्हणते, "बाळंतिणीला अशक्तपणा असायचाच." बहुतेक वेळा आईचे म्हणणे खरे असते. पण कधी कधी ही धाप अशक्तपणाची नसून हृदयाची असते, आणि तेव्हा वाया गेलेला एकेक दिवस महागात पडतो.

हा रोग कोणता?

विहिरीवरचा पंप दुबळा झाला की शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचत नाही. हृदयाचेही तसेच आहे. त्याचे स्नायू दुबळे झाले की अंगाला रक्त पुरत नाही आणि मागे तुंबलेल्या रक्तातील पाणी फुफ्फुसांत व पायांत उतरते. आधी धडधाकट असलेल्या स्त्रीलाही गरोदरपणाच्या अखेरीस किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत असे होऊ शकते. गरोदरपणी रक्तदाब वाढलेला असेल, जुळी मुले असतील, वय जास्त असेल किंवा पुष्कळ बाळंतपणे झाली असतील, तर धोका अधिक. तरी पहिलटकरणीलाही हा रोग होतो.

कसे ओळखावे?

लेकीला विचारा : "झोपायला किती उशा लागतात?" एका उशीच्या दोन-तीन झाल्या, रात्री धाप लागून ती उठून बसू लागली, आडवे पडताच खोकला येऊ लागला, छाती धडधडू लागली, तर सावध व्हा. गरोदरपणी पायांवर थोडी सूज पुष्कळ जणींना येते. बाळंतपणानंतर ती उतरली पाहिजे. वाढत असेल तर लक्षण चांगले नाही.

अशा वेळी खोकल्याचे औषध किंवा काढा देत बसू नये. त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. बाळंत होऊन किती दिवस झाले, रक्तदाब वाढला होता का आणि उशा किती लागतात, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. हृदयाची एको तपासणी केली की रोग कळतो. दर ठोक्याला हृदय आपल्यातील किती रक्त बाहेर ढकलते, ते त्यात दिसते. हे प्रमाण साधारण ५५ टक्के किंवा अधिक असते. या रोगात ते ४५ टक्क्यांच्या खाली येते. बसूनही धाप थांबत नसेल, ओठ निळे पडत असतील, शुद्ध हरपत असेल किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. धाप लागलेल्या लेकीला आडवे न करता पाय खाली सोडून बसवावे.

घरची शुश्रूषा

१. मीठ कमी करावे. लोणचे, पापड, खारी सुकी मासळी बंद. पाणी किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारावे.

२. रोज सकाळी एकाच वेळी वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर अंगात पाणी साठते आहे. लगेच दवाखान्यात कळवावे.

३. बरे वाटले म्हणून गोळ्या थांबवू नयेत. शेजारणीच्या गोळ्याही देऊ नयेत.

४. अंगावर पाजावे की नाही, हे चालू औषधांवर ठरते. काही औषधांनी दूध आटते. तसे झाल्यास लेकीला दोष देऊ नये. डॉक्टरांनी सांगितलेले दूध बाळाला वाटी-चमच्याने पाजावे.

५. शेगडीचा कडक शेक व बंद खोली टाळावी. उत्तर नायजेरियात झारिया भागातील बाळंतिणी पूर्वी चाळीस दिवस खारट पेज घेत व तापलेल्या मातीच्या ओट्यावर निजत. १९७० च्या दशकात तेथील डॉक्टरांनी अशा अनेक बाळंतिणींत हृदयाचा विकार नोंदवला. त्या रिवाजानेच रोग होतो असे सिद्ध झाले नाही. पण दुबळ्या हृदयाला मीठ व उष्णता सोसत नाही.

आईबापांचे काम

रात्री बाळ आजीने घ्यावे, लेकीला सलग झोप मिळू द्यावी. पाणी भरणे, भारे उचलणे, लावणी-कापणी हे डॉक्टर सांगतील तेव्हाच. बापाने तपासणीच्या तारखा सांभाळाव्यात. पेरणीच्या घाईत एकही चुकवू नये. बाळाच्या पायगुणाने दुखणे आले, असे कोणी बोलले तर तेथेच थांबवावे. अशी आई आधीच घाबरलेली असते. ती वारंवार रडत असेल, बाळाकडेही पाहत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

पुढचे बाळंतपण

उपचार मिळाल्यास जवळजवळ निम्म्या स्त्रियांचे हृदय सहा महिन्यांत पूर्ववत होते. काहींना अधिक काळ लागतो. मात्र पुढच्या गरोदरपणी रोग उलटू शकतो, आणि हृदय पुरते सुधारले नसेल तर जिवाला धोका असतो. म्हणून एको पाहून डॉक्टर काय सांगतात ते नवराबायकोने एकत्र बसून ऐकावे. पाळणा लांबवण्याच्या काही गोळ्यांनी रक्तात गुठळी होऊ शकते. त्या परस्पर आणून घेऊ नयेत. "आता मुलगा हवा" असा आग्रह सासरकडून झाला, तर आईबापांनी जावयाला व व्याह्यांना धोका समजावून सांगावा. लेकीला हे एकटीने बोलणे जड जाते. ते तिच्या वतीने आपण बोलावे.