स्त्रियांच्या गुप्तांगाची स्वच्छता : समज आणि शास्त्र

घर, अंगण, भांडी आणि पिण्याचे पाणी यांच्या स्वच्छतेविषयी आपल्याकडे मोकळेपणाने बोलले जाते. स्त्रीच्या गुप्तांगाच्या स्वच्छतेचा विषय निघाला, की मात्र माजघरातील आवाजही खाली येतो. या संकोचाची किंमत स्त्रीलाच मोजावी लागते. अंगावरून पांढरे जाते, खाज सुटते, ओटीपोटात दुखते. परंतु ‘बायकांच्या जातीला हे चालायचेच’ असे म्हणून ती दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढते.

हे दुखणे किती सार्वत्रिक आहे, हे गडचिरोली जिल्ह्यात आकड्यांनिशी दिसून आले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शेकडा ९२ स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार होते. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र शेकडा ८ एवढ्याच होत्या. रोग घरोघरी आणि उपचार क्वचित, अशी ही स्थिती होती.

निसर्गाची व्यवस्था

योनिमार्गात काही उपकारक जंतू नैसर्गिकपणेच राहतात. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ साली त्यांचे वर्णन केले. दुधाचे दही करणाऱ्या जंतूंच्याच कुळातील हे जंतू आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणामुळे अपायकारक जंतूंची वाढ रोखली जाते. आतून येणारा थोडासा पातळ, दुर्गंधरहित स्राव हा याच व्यवस्थेचा भाग होय. पाळीच्या मध्यकाळात तो अधिक व पारदर्शक होतो. तो रोग नव्हे. त्यामुळे ‘धातू जातो’ किंवा ‘हाडे झिजतात’ ही भीती निराधार आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. योनिमार्ग आतून धुण्याची आवश्यकता नाही. साबण, जंतुनाशक द्रव, तुरटीचे पाणी किंवा लिंबाचा रस आत वापरल्याने उपकारक जंतूंचा नाश होतो, नाजूक त्वचेचा दाह होतो आणि रोगजंतूंना वाट मोकळी होते. हे बिघाड झालेल्या स्त्रीस परमा, एच.आय.व्ही. यांसारखे लैंगिक संबंधांतून पसरणारे रोग जडण्याचा धोका वाढतो. संसर्ग वर गर्भाशयात व बीजवाहिन्यांत पोहोचला, तर ओटीपोटाचे जुनाट दुखणे व वंध्यत्वही येऊ शकते. संबंधानंतर आतून धुतल्याने गर्भधारणा टळते, हा समजही चुकीचा आहे.

काय करावे?

बाहेरचा भाग दिवसातून एकदा स्वच्छ पाण्याने धुवावा. साबण वापरायचा झाल्यास सौम्य असावा आणि तो बाहेरच लावावा. शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्यावा. मागून पुढे नेल्यास मलातील जंतू मूत्रमार्गात व योनिमार्गात शिरतात. लघवी तासन्‌तास तुंबवून ठेवू नये. अंतर्वस्त्रे सुती व कोरडी असावीत.

पाळीच्या दिवसांत घडी किंवा पॅड दर चार ते सहा तासांनी बदलावे. कापड वापरल्यास ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. येथे परिस्थितीची अडचण असते, हे मान्य केले पाहिजे. बेळगावातील खासबाग, वडगाव, शहापूर या विणकरांच्या भागांत माग आणि संसार एकाच छपराखाली असेल, तर पाळीची घडी उन्हात टाकायची कोठे, हा प्रश्न खराच आहे. मग ती अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली ओलीच राहते. स्वच्छ पातळ फडके वर घालून ती दोरीवर वाळवता येते. मात्र त्यासाठी घरातील इतरांनी नाक मुरडता कामा नये. निपाणी भागात तंबाखूत व विड्या वळण्यात दिवस घालवणाऱ्या भगिनींनी घडी बदलण्यापूर्वीही हात साबणाने धुवावेत.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

स्राव दह्याच्या कवडीसारखा होऊन खाज सुटणे, माशासारखा वास येणे, हिरवट-पिवळा फेसाळ स्राव, लघवीला जळजळ, संबंधाच्या वेळी वेदना, ओटीपोटात दुखणे ही संसर्गाची लक्षणे आहेत. त्यांवर अधिक धुणे हा उपाय नव्हे. तपासणी व औषध हाच उपाय होय. काही आजारांत पतीलाही उपचार घ्यावे लागतात. त्याने ते टाळले, तर पत्नीचा रोग पुन्हा उलटतो. उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावेत, अन्यथा निरोध वापरावा.

संबंधानंतर अथवा पाळी कायमची गेल्यानंतर रक्त गेल्यास एक दिवसही दवडू नये. गर्भाशयमुखाचा कर्करोग मुख्यतः एच.पी.व्ही. विषाणूमुळे होतो, केवळ धुण्याने तो टळत नाही. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला. या विषाणूची एकदा केलेली चाचणीही या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी करू शकते, असे त्यातून २००९ साली सिद्ध झाले. म्हणून तिशीनंतर तक्रार नसतानाही तपासणी करून घ्यावी.

सर्वांचे कर्तव्य

शाळेत मुलींसाठी पाणी, आडोसा आणि कडी लागणारे दार असलेले स्वच्छतागृह आहे काय, हे शिक्षकांनी व ग्रामपंचायतीने पाहावे. मुलीला पहिली पाळी येण्यापूर्वीच आईने किंवा शिक्षिकेने चार शब्द समजावून सांगावेत. आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका व आशा कार्यकर्ती यांच्याशी बोलण्यात कमीपणा नाही. दुखऱ्या दाताविषयी जितक्या सहजतेने आपण बोलतो, तितक्याच सहजतेने स्त्रीला या दुखण्याविषयी बोलता आले, तर निम्मा उपचार तेथेच सुरू होतो.