आधी शोधा, मग मोठं करा

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या शाळेला एका गावकऱ्यानं हौसेनं दुर्बीण भेट दिली. खोक्यावर ठळक छापलं होतं : ५२५ पट. पहिल्याच रात्री पोरांनी रांग लावली, एकेकानं डोळा लावला आणि ‘सर, काहीच दिसंना’ म्हणत हिरमुसून घरी गेली. नव्या दुर्बिणी माळ्यावर जातात त्या अशाच. तुमची जाऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

५२५ हा आकडा येतो कुठून? नळीच्या भिंगाचं नाभीय अंतर ७०० मिलिमीटर. त्याला ४ मिलिमीटरच्या आयपीसनं, म्हणजे डोळा लावायच्या भिंगानं, भागलं की १७५ पट. वर तिप्पट करणारं बार्लो भिंग जोडलं की ५२५. पण ७० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाला साधारण १४० पटींपलीकडे झेपत नाही, चित्र नुसतं अंधूक होत जातं. शिवाय ५२५ पटींवर चंद्राच्या सातव्या हिश्श्याएवढंच आकाश दिसतं आणि पृथ्वी फिरत असल्यानं तारा वीसेक सेकंदांत निसटतो. तेच २० मिलिमीटरचं आयपीस लावा : ३५ पट, आणि चंद्राच्या दुप्पट रुंदीचं आकाश. सुरुवात कायम इथूनच करायची.

दुसरं काम दिवसाउजेडी उरकावं. नळीवरचा फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, जुळलेला नसेल तर रात्रभर हाती काही लागत नाही. लांबच्या मोबाइल टॉवरचं टोक मुख्य दुर्बिणीत मधोमध आणा आणि स्क्रू फिरवत तेच टोक फाइंडरच्या फुलीवर बसवा. टॉवर सूर्याच्या विरुद्ध दिशेचा निवडा. सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवू नका. आयपीसवर बसवायची काळी सन फिल्टर काच खोक्यात असेल तर फेकून द्या. ती उन्हानं तडकते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो.

गच्चीपेक्षा मोकळं वावर बरं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो, त्यानं तारे थरथरतात. कुणी नुसतं चाललं तरी नळी हलते. वीस मिनिटं मोबाइल बंद ठेवून डोळे अंधाराला सरावू द्या. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद बांधा.

आता ओळखी करून घ्या. आमच्या परभणीचा अक्षांश सुमारे १९ अंश, म्हणून ध्रुवतारा उत्तरेला क्षितिजापासून हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढा वर असतो. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्यही जवळपास तेवढ्याच उंचीवर येतो. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण पोरंही ओळखतात. त्याच्या दक्षिणेला फिकट ताऱ्यांची उभी ओळ आहे. फाइंडरची फुली तिच्या मधोमध ठेवा. आयपीसमध्ये चार तारे आणि भोवती राखाडी धूसर डाग दिसेल. हा मृगातला तेजोमेघ, सुमारे १३०० प्रकाशवर्षं दूर. फोटोतले रंग शोधू नका. नजर किंचित बाजूला ठेवली की तो डाग पसरत जातो.

दुर्बीण अजून घेतली नसेल तर एक हिवाळा नुसत्या डोळ्यांनी मृग, कृत्तिका, सप्तर्षी पक्के करा. मग दुकानात पटी विचारू नका. भिंगाचा व्यास विचारा, आणि स्टँड हातानं हलवून बघा. डगमगत असेल तर ती दुर्बीण घेऊ नका.