झाडांच्या सावलीत न्हायचं

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध १०, अध्याय २२ (शेवटचा भाग)



उन्हाळ्याचे दिवस. कृष्ण गाई चारत वृंदावनापासून बराच लांब आलाय. ऊन तापलंय आणि झाडं छत्रीसारखी सावली धरून उभी आहेत. श्रीदामा, सुबल या सवंगड्यांना तो म्हणतो, या झाडांकडे बघा. वारा, पाऊस, ऊन, थंडी स्वतः सोसतात आणि आपल्याला वाचवतात. यांच्याकडे आलेला कोणी रिकाम्या हाताने जात नाही. मग तो त्यांच्या देण्याची यादीच सांगतो : पानं, फुलं, फळं, सावली, मुळं, साल, लाकूड, गंध, डिंक, राख, कोळसा, कोवळे कोंब.

यातल्या ‘गंध’ या शब्दापाशी मी आज थांबलो.

जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’ हा शब्द रूढ केला. म्हणजे वनस्नान. नागानो प्रांतातलं आकासावाचं हिनोकी वृक्षांचं जंगल त्याचं जन्मस्थान मानतात. यात ट्रेकिंगसारखं शिखर गाठायचं नसतं. सावकाश चालायचं, ऐकायचं, श्वास घ्यायचा. पुढे टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधले डॉ. चिंग ली यांनी यावर अभ्यास केला. टोकियोत नोकरी करणारी १२ माणसं तीन दिवस, दोन रात्री जंगलात राहिली. तेव्हा शरीराचा पहारा करणाऱ्या त्यांच्या ‘नॅचरल किलर’ पेशी जास्त सक्रिय झालेल्या दिसल्या. कीड आणि बुरशीपासून वाचण्यासाठी झाडं जी गंधयुक्त द्रव्यं हवेत सोडतात, त्यांचाही यात वाटा असावा, असं ते मानतात. त्या द्रव्यांना फायटोनसाइड म्हणतात. अर्थात १२ माणसं म्हणजे थोडीच, आणि वनस्नान हा उपचाराला पर्याय नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर त्या चालूच ठेवायच्या.

मला भावलं ते हे : झाड स्वतःच्या रक्षणासाठी जे बनवतं, तेही सगळ्यांना मिळतं. आपण मात्र स्वतःला जपायचं म्हटलं की हेडफोन लावून दार बंद करतो. आपल्याला सगळं मोजायचीही सवय लागलीये. पावलं, झोप, अगदी जपाची संख्यासुद्धा. मग जंगलात गेलो तरी प्रश्न तोच, ‘मला यातून काय मिळेल?’

थकलेल्या माणसाने सावलीत बसावं, यात स्वार्थ नाही. ती पोरंसुद्धा उन्हाने तापलेलीच होती. पण कृष्ण तिथेच थांबत नाही. प्राण, धन, बुद्धी आणि वाणी यांनी दुसऱ्याचं भलं करणं, यातच जन्माचं सार्थक आहे, असं तो सांगतो. आणि लगेच काय होतं बघा. सगळे यमुनेवर जातात. तहान सगळ्यांनाच लागलीये, पण आधी गाईंना पाणी पाजतात आणि मग स्वतः पितात. झाडांकडून शिकलेला धडा दहा पावलांवरच आचरणात आला!

आजचा अभ्यास : बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, पुण्याची वेताळ टेकडी किंवा सोसायटीतलं एखादं झाड. वीस मिनिटं, फोन बॅगेत. बघा, ऐका, वास घ्या. नाम आलं ओठांवर तर येऊ द्या, मोजू नका. परतल्यावर घरात किंवा ऑफिसात जो सर्वांत दमलेला दिसेल, त्याला आधी पाणी विचारा.

प्रार्थना : पांडुरंगा, सावली घेताना संकोच नको आणि देताना हिशेब नको.