प्रॉक्सी आणि टिकाऊ जोडण्या : सांभाळणाऱ्यांसाठी अनुभवाचे बोल

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामध्ये प्रॉक्सी आला की एका जोडणीच्या दोन होतात. सौदी अरेबियात 1999 साली इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा देशाबाहेरची वेब-वाहतूक रियाधच्या ‘किंग अब्दुलअझीझ सिटी फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी’तल्या प्रॉक्सींमधूनच जाई. हेतू मुख्यतः नको ती पाने अडवण्याचा. पण वेगाचा प्रश्नही तिथेच येऊन ठेपला.

उदाहरणार्थ, रियाध ते न्यूयॉर्क अंतर सुमारे साडेदहा हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन किमान 100 मिलिसेकंद. नवी टीसीपी जोडणी जुळवण्यातच अशी एक फेरी जाते. म्हणून एचटीटीपी 1.1 ने (1997) जोडणी उघडी ठेवणे हाच नेम केला. प्रॉक्सीला याचा दुहेरी फायदा: एकाने उघडलेली दूरची जोडणी दुसऱ्याच्याही कामी येते.

मात्र जोडणी टिकवण्याचा करार फक्त शेजाऱ्या-शेजाऱ्यांत असतो. जुने प्रॉक्सी ‘कनेक्शन : कीप-अलाइव्ह’ हे शीर्षक न समजता जसेच्या तसे पुढे ढकलत. सर्व्हर जोडणी उघडी ठेवी, प्रॉक्सी ती बंद होण्याची वाट पाही आणि पान अर्धवट लटके. हे शीर्षक प्रॉक्सीने काढूनच टाकायचे असते.

दुसरा अनुभव वेळमर्यादेचा. स्क्विड हा प्रॉक्सी सर्व्हरकडची रिकामी जोडणी मूळ मांडणीत 1 मिनिट राखतो, तर अपाचे हा वेब सर्व्हर मूळ मांडणीत 5 सेकंदांत ती बंद करतो. नेमक्या त्याच क्षणी विनंती गेली, तर ती हरवते. ‘गेट’ पुन्हा पाठवता येते. ‘पोस्ट’ आपोआप पाठवली, तर पैसे दोनदा कापले जाण्याची भीती. मूळ सर्व्हर आपल्या ताब्यात असेल, तर प्रॉक्सीची मर्यादा त्याच्याहून कमी ठेवावी.

पाइपलाइनिंगमध्ये उत्तराची वाट न पाहता विनंत्या एकामागून एक धाडता येतात. उत्तरे मात्र त्याच क्रमाने यावी लागतात. पहिले रखडले की मागची सगळी खोळंबतात. मधला एखादा प्रॉक्सी क्रम चुकवी, तेव्हा भलत्याच जागी भलतेच चित्र येई. स्क्विडमध्ये ही सोय मुळात बंदच असते. ती तशीच राहू द्यावी. 2015 च्या एचटीटीपी 2 ने एकाच जोडणीत स्वतंत्र प्रवाह आणून ही अडचण दूर केली.

तक्रार आली की दोन्ही बाजूंच्या जोडण्या वेगवेगळ्या तपासाव्यात. एचटीटीपीएस वाहतूक उलगडली जात नसेल, तर प्रॉक्सी नुसता बोगदा असतो. तिथे दोष ‘कनेक्शन’सारख्या शीर्षकांत शोधू नये.